एकोणतीस ग्रॅम शंख

वैशाखातल्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी चारच्या सुमारास आक्काला बसवलं. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून खड्ड्यात बसवतात, भोवती विभूती आणि बेलपानं भरतात, आणि त्या वेळी शंख फुंकतात. खड्ड्याजवळ आम्ही सतरा माणसं होतो. माझा थोरला भाऊ, मी, आमची मुलं, मठातले स्वामी, बाकी गावचे. शंख फुंकण्याबद्दल स्वामींना दादानं एकशे एक रुपये दिले. त्यांनी तीनदा फुंकला. पहिल्यांदा आवाज आला, दुसऱ्यांदा निम्मा आला, तिसऱ्यांदा नुसता वारा. आमच्या मागून आलेलं एक कुत्रं बाभळीखाली पडलं होतं, त्यानं मानसुद्धा वर केली नाही... आणि मला त्या जागी हसू आलं. भावाच्या मुलानं माझ्याकडे चमकून पाहिलं. पण आक्कानं हे मला आधीच सांगून ठेवलं होतं.

संक्रांतीला मी नांदेडहून गावी गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. आमचं गाव निलंगा तालुक्यात. रस्त्याच्या बाजूला दुकान आणि मागं घर. आक्का मागच्या खोलीत भिंतीला टेकून शेंगा फोडत बसली होती. आक्का म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, माझी आत्या; पण सगळं गाव तिला आक्का म्हणायचं म्हणून आम्हीही आक्काच म्हणायचो. मी शेजारी बसलो तशी म्हणाली, "मला बसवताना फुंकायला कुणाला आणशील रे?"

मी म्हणालो, "आज सणाचं कशाला, आक्का."

"तुझी रजा शिल्लक हाय का तेवढं बघून ठिव. मागून म्हणशील, कचेरीनं सोडलं न्हाई."

"मठातले स्वामी आहेत की."

"त्येला दम न्हाई. त्यो फुंकतो तवा कुत्रं बी मान वर करत न्हाई." मग तिनं हातातल्या शेंगेनं चुलीवरच्या फळीकडे बोट केलं. "माझा शंख तर तितं हाय. कोण फुंकतंय आता त्येला?"

फळीवर रुंद तोंडाची काचेची बाटली होती आणि तिच्यात बोटभर पांढरी पूड. तो तिचा शंख. शंख बाटलीत कसा गेला हे गावातल्या पन्नाशीच्या पुढच्या सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांच्यापैकी कुणी ते लिहिणार नाही. म्हणून मी लिहितो.

आक्काचं सासर कर्नाटकाच्या सीमेपलीकडं, औरादच्या बाजूला. तिचे यजमान भजनी मंडळाबरोबर रामेश्वराला जाऊन आले आणि येताना हा शंख घेऊन आले. दोन्ही हातांत मावेल एवढा, दुधासारखा पांढरा, तोंडाशी आत तीन-चार वळ्या, शेंडा कापून फुंकायला केलेला. ते रोज संध्याकाळी महादेवाच्या देवळात तो फुंकायचे. आक्का त्यांच्याकडूनच फुंकायला शिकली. घरात, दार लोटून, डोक्यावर पदर घेऊन. त्यांच्यात तेवढी एकच चैन होती असं ती म्हणायची. पुढं ते तापानं गेले. मूलबाळ नव्हतं. दिरांनी तिला एक ट्रंक दिली आणि आमच्या गाडीत बसवून दिलं. ट्रंकेत चार लुगडी होती आणि लुगड्यांच्या मध्ये शंख. यजमानांना बसवलं तेव्हा तोच फुंकला होता. मलाही त्याच्याच आवाजावर बसवा, एवढं एकच ती आमच्या घरी आल्या दिवसापासून मागत राहिली. जेवायला काय द्या, लुगडं कसलं आणा, याबद्दल तिनं कधी तोंड उघडलं नाही. तोंड तिला भरपूर होतं, पण ते दुसऱ्या कामांसाठी.

मी शाळेत असताना तिला एकदा शहाणपणानं सांगितलं होतं की शंख म्हणजे समुद्रातल्या एका मोठ्या गोगलगाईचं घर, ती स्वतःच्या अंगातूनच ते बांधते आणि वाढेल तसं वाढवते. ती म्हणाली, ठावं हाय. यजमानांनी रामेश्वराला विचारलं होतं. बुडी मारणारे लोक तिला जिवंतच वर काढतात, वाळूत पुरून ठेवतात, आतला जीव सडून गळून गेला की धुतात, घासतात आणि विकतात. "त्येंच्यात आधी पुरत्यात आन् मग फुंकत्यात," आक्का म्हणाली, "आपल्यात फुंकत्यात आन् मग पुरत्यात. फरक तेवढाच." मी नववीत होतो. मला रात्री जेवण गेलं नाही. तिनं मात्र भाकरी चुरून खाल्ली.

आमच्या घरात शंख फुंकायला तिला बंदी होती. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बाईनं शंख फुंकायचा नसतो, त्यातून विधवेनं तर नाहीच. ती म्हणाली होती, "गळ्यात लिंग बाप्याच्या बी हाय आन् बाईच्या बी. त्येला कळत न्हाई, मग शंखाला कसं कळतंय?" अप्पांना उत्तर सुचलं नाही, आणि ज्याचं उत्तर सुचत नाही त्याचा राग त्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहायचा. शंख ट्रंकेत राहिला. अप्पा वसुलीला बाहेरगावी गेले की ती काढून पुसायची. क्वचित एखादी फुंक मारायची, अगदी हळू, म्हशीनं उसासा टाकावा तशी.

लातूर जिल्हा नवा झाला, आणि त्याच्या पुढं-मागं आमच्याकडं पावसानं पाठ फिरवली. पहिल्या वर्षी मूग-उडीद गेले, दुसऱ्या वर्षी ज्वारीही गेली आणि गावच्या दोन्ही विहिरी तळाला गेल्या. इकडं ज्याला त्याला नव्या जिल्ह्याची घाई. उस्मानाबादच्या कचेरीत अडकलेली कामं आता लातुरात होतील, जवळ होतील, आपला माणूस बसेल. अप्पांनी गावच्या रेशन दुकानासाठी अर्ज केला होता. दुष्काळात रेशनचं दुकान ज्याच्याकडं, गाव त्याच्या ओट्यावर, हे त्यांना कळत होतं. समोरच्या ओळीत मन्मथप्पांचं दुकान होतं, त्यांनीही अर्ज केला होता. दोघं एकमेकांना रोज सकाळी हात जोडायचे.

त्या श्रावणात गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. ज्यांना ही रीत माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पाऊस येत नाही म्हणून देवाला धडा शिकवायचा. गाभाऱ्याचा उंबरा चिखलानं बंद करायचा आणि घागरीमागून घागर ओतून पिंड पाण्यात बुडवायची. देवाचा जीव गुदमरला की तो पाऊस पाडतो. प्यायला पाणी टँकरचं, आणि त्यातलंच प्रत्येक घरानं तीन घागरी देवाला द्यायचं. माझी नुकतीच नांदेडला नोकरी लागली होती, सोमवारची रजा काढून मी आलो होतो, मीही दोन घागरी वाहिल्या. पाणी पिंडीला लागल्यापासून पिंड बुडेपर्यंत शंख थांबता कामा नये, अशी रीत. तेव्हाचे मठातले स्वामी म्हातारे होते, त्यांना दमा. त्यांनी दोनदा फुंकलं आणि खांब धरून खाली बसले. पाणी तर चढत होतं. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "आक्का, तुमच्याकडं हाय न्हवं?"

आक्का घरी गेली आणि शंख घेऊन आली. देवळाच्या पायरीवर उभं राहून तिनं तो तोंडाला लावला. वर्षानुवर्षं ट्रंकेत दाबून ठेवलेला आवाज होता तो. माणसं हातातल्या घागरी ओतायची थांबली. पारावरची कबुतरं उठली. एवढ्याशा बाईच्या बरगड्यांत तेवढा वारा कुठं होता कुणास ठाऊक. पिंड बुडून वर बोटभर पाणी येईपर्यंत ती थांबली नाही, आणि थांबली तेव्हा तिचे ओठ फुटले होते आणि ती हसत होती. मी तिला तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

नेमक्या त्याच वेळी जिल्ह्याच्या कचेरीतले दोन साहेब टंचाई पाहायला आले होते. अप्पा त्यांना टँकर दाखवत पारापाशी उभे होते, स्वच्छ धोतर, हातात सरबताचा तांब्या. एका साहेबानं विचारलं, कोण फुंकतंय हो एवढं? मन्मथप्पा वाटच पाहत होते. "आमच्या अप्पांची भगिनी," ते म्हणाले. "दुकान भाऊ चालवतो, देऊळ बहीण चालवती. साहेब, तुमी रेशनचं बी त्येंच्याच घरात देऊन टाका. सगळं एका ठिकाणी झालेलं बरं." सगळे हसले. साहेबही हसले, साधंच, कुणीही हसेल तसं. अप्पाही हसले. ते हसू मी पाहिलं आहे, ते पुन्हा पाहायची इच्छा नाही.

पाऊस आला नाही. तिसऱ्या दिवशी एक ढग आला आणि कर्नाटकाकडं निघून गेला. गाभाऱ्यातलं पाणी आठ-दहा दिवसांत हिरवं पडलं, वास यायला लागला, मग उंबरा फोडून ते गुरांना पाजलं. गुरांनीही तोंड फिरवलं. आणि मग गावाला कारण सापडलं. विधवेनं फुंकला, देव कसा ऐकेल? ज्या बाईनं 'तुमच्याकडं हाय न्हवं' म्हणून आक्काला घरी पाठवलं होतं, तिनंच हे पहिल्यांदा बोलून दाखवलं. टँकरच्या रांगेत आक्काच्या पुढं-मागं दोन हात जागा राहायला लागली. ती म्हणायची, बरं झालं, घागर ठिवायला जागा मिळती. रेशनचं दुकान मन्मथप्पांना मिळालं. का मिळालं ते मला माहीत नाही, त्यांचा अर्ज आधीचा होता हे खरं आहे. पण अप्पांच्या डोक्यात एकच बसलं की आपलं दुकान शंखानं बुडवलं.

अप्पांचं पोट आधीपासूनच वाईट होतं. जळजळ, करपट ढेकरा, रात्री उठून पाणी. त्या दिवाळीत ते निलंग्याच्या एका वैद्यांकडं जाऊन आले आणि जेवताना आम्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "वैद्यांनी शंखभस्म सांगितलंय."

आई म्हणाली, "मग आणायचं की दुकानातून."

"दुकानातलं?" अप्पा म्हणाले. "दुकानात काय असतंय ते मला सांगू नका." हे त्यांनी अगदी गंभीरपणे म्हटलं. हळदीत काय मिसळतात, धण्यात काय, हे त्यांना हातानं माहीत होतं, आणि जे आपण करतो ते दुसरा करणार नाही असं मानण्याइतके ते भोळे नव्हते. बाजारच्या भस्मात चुना असणारच. "घरात अस्सल असताना बाहेरचं कशाला?"

आक्का चुलीपाशी होती. तिनं तवा उतरवला. "मला बसवताना काय फुंकणार मग?"

"तवाचं तवा बघू. तू काय आज मरायलीस का?"

"आज न्हाई. पर मरणार हाय की."

"मग दुसरा आणू. शंखाला काय तोटा हाय."

"तर मग औषधाला दुसरा आणा."

अप्पा भात कालवत म्हणाले, "माझं पोट आज जळायलंय." आणि विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपायचे.

भस्माची कृती मोठी आहे. शंख आधी लिंबाच्या रसात उकळायचा. त्या वर्षी लिंबं मिळत नव्हती, अप्पांनी लातूरहून पिशवीभर आणली. पोटाच्या औषधाला ते कधी मागं-पुढं बघत नसत. उकळायचं काम आक्कानं स्वतःकडं घेतलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग तुकडे करायचे. अप्पांनी दुकानातलं पाच किलोचं वजन आणलं आणि शंख अंगणातल्या फरशीवर ठेवला. पहिला घाव घसरला आणि फरशीचा टवका उडाला. दुसऱ्यालाही काही झालं नाही. अप्पांना घाम आला. आक्का पायरीवर बसली होती, म्हणाली, "आडवा धरा. उभा फुटत न्हाई त्यो." त्यांनी आडवा धरला आणि तो फुटला. आतून तो फिकट गुलाबी होता. आतली वळणं जिन्यासारखी वर वर गेलेली, एकाहून एक लहान. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. रामेश्वराहून आल्यापासून ते कुणीच पाहिलं नव्हतं, आक्कानंही नाही. ती म्हणाली, "बघून घ्या. हे तिचं माजघर."

तुकडे मातीच्या दोन परळांत घालून, फडकं आणि चिखल लिंपून, गोवऱ्यांच्या खड्ड्यात भाजले. दोनदा भाजले, कारण पहिल्यांदा कच्चे राहिले. मग आक्कानं ते खलात घोटले. दोन दिवस घोटत होती. आई म्हणाली, पुरे की, तर म्हणाली, "न्हाई वैनी, कण ऱ्हायला तर त्येंच्या पोटात टोचंल."

आणि मग ते सुरू झालं, जे माझ्या आईला शेवटपर्यंत सहन झालं नाही. रोज सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर, आक्का चिमूटभर पूड कोमट पाण्याबरोबर अप्पांच्या समोर ठेवायची आणि काय आहे ते सांगायची. "हा शेंडा हाय, जिथं तोंड लावून फुंकायचे." दुसऱ्या दिवशी, "ह्या वळ्या." मग, "हे पोटाकडचं, हे जड असतंय, सावकाश गिळा." सगळी पूड एकच झाली होती, तिला काय कळणार होतं; पण तिनं आवाज चढवला नाही आणि एक दिवसही चुकवला नाही. अप्पा म्हणायचे, गप बस. ती म्हणायची, "औषध काय हाय ते रोग्याला ठावं नगं?" ते डोळे मिटून गिळायचे. सुट्टीला गेलो की ते बघून मला वाटायचं, तिनं त्यांना एकदा विष घातलं असतं तर ते स्वस्तात सुटले असते.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही की अप्पांना गुण आला. साताठ महिन्यांत जळजळ गेली. ते पुन्हा ठेचा खायला लागले, अंगावर मांस आलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले की शंखभस्मासारखं औषध नाही, पण अस्सल पाहिजे. आक्का तेव्हा बेचाळीसची होती. त्यानंतर अप्पा एकोणीस वर्षं जगले. दुसरा शंख काही आला नाही. दरवर्षी कुणी ना कुणी रामेश्वराला जायचं, आक्का अप्पांकडं बघायची आणि अप्पा वर्तमानपत्राकडं.

अप्पा गेले तेव्हा अंगणात मांडव होता, पाहुणे बसलेले, आणि अप्पांना भिंतीशी बसवून हार घातलेले. मठातून स्वामी येईनात. दादा कुणालातरी म्हणाला, मोटारसायकल काढ, निलंग्याहून शंखवाला घेऊन ये. आक्का बायकांत बसली होती. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "बाहेरून कशाला आणायलास? शंख त्येच्या पोटात हाय की. हलवून बघा, वाजतोय का." मग मागच्या बाजूला एक म्हातारा फस्सकन हसला, आणि त्याच्या मुलानं त्याला उठवून बाहेर नेलं. आई त्यानंतर, स्वतः जाईपर्यंत, आक्काशी बोलली नाही.

उरलेली पूड बाटलीत होती. पुढं दादाचं पोट बापाच्या वळणावर गेलं आणि तो आपली आपण चिमूट घ्यायला लागला. आक्का त्याला काही सांगायची नाही. एवढंच म्हणायची, "झाकण नीट लाव."

ज्या सोमवारी तिला बसवलं त्या दिवशी, खड्ड्यात विभूती भरताना, मी दादाला बाजूला घेतलं. म्हटलं, फळीवरची बाटली आणूया. पांढरीच आहे, विभूतीत घालू. तिचा शंख तिच्याबरोबर जाईल. दादानं माझ्याकडं बघितलं. तो वाईट माणूस नाही, आक्काला शेवटची दोन वर्षं त्यानंच सांभाळलं, संक्रांतीनंतर ती अंथरुणाला खिळली तेव्हा हागणं-मुतणंही काढलं. तो म्हणाला, "औषध हाय ते. मातीत घालून काय करू? रात्री जळजळ उठली तर तू नांदेडहून येणार हाईस का?" मग स्वामींनी शंख तोंडाला लावला आणि पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

महिन्याच्या विधीला मी पुन्हा गेलो. आक्काची खोली धुऊन काढली होती आणि तिथं तेलाचे डबे रचले होते. ट्रंक नव्हती. फळीवर बाटली होती. मी ती उतरवून दुकानात गेलो आणि दादाला म्हटलं, "ही मला दे. विकत दे हवं तर." मला वाटलं तो ओशाळेल. त्यानं बाटली घेतली, उजेडात धरली, पूड कागदावर काढून काट्यावर टाकली. एकोणतीस ग्रॅम भरली. बाटलीचं वजन त्यानं त्यात धरलं नाही, तेवढा तो सरळ आहे. म्हणाला, "बाजारात धा ग्रॅमला पंचवीस चालू हाय. आन् त्यात चुना असतोय. तू घरचा म्हणून वीस धरतो."

आता ती बाटली इथं नांदेडला, आमच्या देवघरात विभूतीच्या शेजारी आहे. माझंही पोट अलीकडं जळतं. मी डॉक्टरच्या गोळ्या घेतो. बायको एकदा म्हणाली, चिमूटभर घेऊन तर बघा, मामंजींना गुण आला होता. मी बाटली एक फळी वर ठेवली. पुढच्या महिन्यात गावी जाईन तेव्हा आक्काच्या समाधीवर ओतायची असं ठरवलं आहे, दादाला न सांगता. सांगितलं तर तो म्हणेल, मग माझ्याकडंच ठेवायची होतीस.

हिशेब अठ्ठावन्न रुपयांचा झाला. मी दादाला साठ दिले. सुटे दोन रुपये गल्ल्यात नव्हते, म्हणून बरणीतल्या दोन लिमलेटच्या गोळ्या काढून त्यानं माझ्या हातावर ठेवल्या.